ब्राम मेला असं सांगणारी बाई

नेलवहिनी गेल्या, त्याच्या पुढच्या रविवारी इथल्या एका इंग्रजी पेपरात त्यांच्यावर अर्धा कॉलम छापून आला. फोटो बरा होता. मथळा होता, मुलांना सुखाचे शेवट देणारी डच आजी. मी चहाचा कप खाली ठेवला आणि ह्यांना म्हटलं, "वाचलंत का? सुखाचे शेवट म्हणे!" हे म्हणाले, "जाऊ दे गं, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहितात." ह्यात चांगलं काय आहे? ज्या बाईनं हॉलंडातल्या तीन पिढ्यांना उशीत तोंड खुपसून रडायला लावलं, आणि त्याचसाठी त्या पिढ्यांनी जिला डोक्यावर घेतलं, तिच्या नावावर ही साखर कुणी पेरली? कुणी पेरली ते मला ठाऊक आहे. मी तिथं होते. पेपर रिसायकलिंगमध्ये गेला, पण माझा राग काही जाईना, म्हणून लिहायला बसले आहे.

आणि सुरुवातीलाच चुकले. "नेलवहिनी गेल्या" असं मी लिहिलं. त्यांनी ते खोडून "मेल्या" केलं असतं.

पूर्ण नाव कोर्नेलिया. माहेरचं आडनाव उच्चारायचं तर दोनदा खाकरावं लागतं, त्यामुळे आम्ही कुणी त्या वाटेला गेलो नाही. पुस्तकांवर मात्र तेच आडनाव. नर्सिंगसाठी त्या हॉलंडहून लंडनला आल्या, तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर सुधाकर लिमये भेटले आणि दोघांनी वॉटफर्डला संसार थाटला. माझे यजमान लिमयेभाऊजींच्या हाताखाली भूल द्यायला शिकले. मी लग्न होऊन सांगलीहून इथं आले, तेव्हा पहिलं जेवण आम्हाला त्यांच्याकडे होतं. दार उघडलं ते चांगल्या सहा फुटी बाईनं. अंगात मळकी डंगरी, गळ्यात मंगळसूत्र. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "अगोबाई, किती ही बारकी! आणि हा रंग तुला मुळीच शोभत नाही हो." माझ्या आईनं हौसेनं घेतलेली साडी होती ती. मी त्या रात्री घरी येऊन रडले, आणि ती साडी पुन्हा नेसले नाही, कारण बाई म्हणत होती ते खरं होतं.

मराठी त्या सासूबाईंकडून शिकल्या. सासूबाई वाईच्या, जुन्या वळणाच्या, वर्षातले काही महिने इथं येऊन राहायच्या. त्यामुळे ही गोरीपान बाई बोलायची मात्र सत्तरीच्या म्हातारीसारखी. बस चुकली की "जळलं मेलं लक्षण." मुलगा हट्टाला पेटला की "कार्टं हातचं गेलं." त आणि ट यांचा त्यांच्या तोंडात कायमचा तंटा होता, पण शब्दाला कधी अडल्या नाहीत. अडल्या त्या शिष्टाचाराला. "बरं झालंय हं" हे वाक्य त्यांना माहीतच नव्हतं. आमटी पाणचट झाली असेल तर पाणचट झाली म्हणायच्या, आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या. त्यांच्याकडे कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा यायचा. प्रत्येकानं एक बिस्कीट घ्यायचं, की झाकण बंद, डबा कपाटात. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बायका ह्यावरून इतकं हसायच्या! पुण्याचे लोक उगीच बदनाम, असं कुणीतरी म्हणालंही. नेलवहिनींच्या कानावर ते गेलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "दुसरं बिस्कीट मागायला तोंड आहे की सगळ्यांना."

त्यांच्या घरी डिशवॉशर नव्हतं. परवडत होतं, पण घेतलं नाही, कारण भांडी हा त्यांच्या धंद्याचा भाग होता. नवी गोष्ट सुचली की ती कागदावर उतरवण्याआधी त्या ती एखाद्या मुलाला सांगायच्या, आणि ती फक्त भांडी घासताना. आपण सिंकशी, मूल शेजारी स्टुलावर टी-टॉवेल घेऊन पुसायला. वॉटफर्डातल्या निम्म्या मराठी मुलांनी लिमयांच्या किचनमध्ये भांडी पुसली आहेत, माझ्या ऋचानंसुद्धा. आयांना ते खटकायचं. आपण पोरं डॉक्टर व्हायला वाढवतोय आणि ही बाई त्यांना भांड्यांना बसवते! मी एकदा विचारलंच. तर म्हणाल्या, "सुनंदा, नुसतं समोर बसवलं ना, की मूल तोंडाकडे बघतं. आपण हसलो की हसतं. लबाड असतात मेली. हातात काम दिलं की विसरतात. पुसता पुसता फडकं थांबलं की समजायचं, इथं गोष्ट खरी आहे. थांबलं नाही तर तेवढा भाग काढून टाकायचा." मग डच भाषेत ते सगळं लिहून व्हायचं. किती आवडती पानं त्यांनी एखाद्या पाच वर्षांच्या पोराच्या न थांबलेल्या हातापायी फाडून टाकली असतील, देव जाणे.

आता मीराबद्दल सांगते.

डच लोकांची एक अजब रीत आहे. घरच्यांचे, मित्रांचे, शेजाऱ्यांचे वाढदिवस एका कॅलेंडरवर लिहितात आणि ते कॅलेंडर टांगतात संडासात. माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, तेव्हा आम्ही सगळे लिमयांकडे गेलो. सासूबाई आत जाऊन आल्या त्या लालबुंद होऊन. "माझं नाव तिथं टांगलंय! शौचकूपात! चला घरी." मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. नेलवहिनींना मात्र सासूबाई का चिडल्या हेच कळेना. त्यांनी सासूबाईंचा हात धरून, अगदी मनापासून समजावलं, "अहो काकू, देवघरात माणूस जाईल न जाईल. तिथं रोज जातंच. म्हणून कुणी विसरलं जात नाही." सासूबाई त्यावर हसल्या की काय झालं, पण बसल्या खऱ्या, आणि एक बिस्कीटही खाल्लं.

नंतर मी आत गेले तेव्हा ते कॅलेंडर नीट बघितलं. त्यात एक नाव होतं मीरा. मीरा नावाचं कुणी आम्हाला माहीत नव्हतं. बाहेर येऊन सहज विचारलं. नेलवहिनी पातेलं घासत होत्या. "माझी मुलगी," म्हणाल्या. "आनंदच्या पाठची. तीन वर्षांची होती. मेली."

आपल्याकडे पोटच्या पोरीबद्दल हा शब्द कुणी उच्चारत नाही. आपण "गेली" म्हणू, "देवाघरी गेली" म्हणू, "आमच्यात नाही" म्हणू. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा. म्हणाल्या, "तुमच्याकडे काहीच संपत नाही गं. बांगडी फुटली तर वाढवली, दुकान बंद केलं तर वाढवलं, निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. मला आवडतं ते. पण पोरांना त्याचा त्रास होतो." आणि मग त्यांनी आनंदची गोष्ट सांगितली.

मीराला मेंदूज्वर झाला. दोन दिवसांत आटोपलं. आनंद तेव्हा सहा वर्षांचा. लिमयेभाऊजी आणि त्यांच्या आई, दोघांनी मिळून ठरवलं की एवढ्याशा पोराला सांगायचं नाही. त्याला म्हणाले, मीरा आत्याकडे गेलीय, इंडियाला. नेलवहिनी त्या दिवसांत अंथरुणातून उठत नव्हत्या, त्यांना कुणी विचारलं नाही. आजी मग वाईला परतल्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा आल्या. त्यांना आणायला सगळे हीथ्रोला गेले. आजी ट्रॉली ढकलत बाहेर आल्या, मिठ्या मारून झाल्या, पण आनंद कठड्यापाशीच उभा. विमानातली शेवटची माणसं बाहेर आली, सफाईवाले आले, तरी तो हलेना. त्याच्या खिशात एक चॉकलेट होतं, वितळून गेलेलं. नेलवहिनींनी त्याच्याकडे पाहिलं आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. घरी आल्या, सासूबाईंशी एक अक्षर न बोलता सिंकपाशी उभ्या राहिल्या, आनंदला स्टुलावर चढवलं आणि त्याच्या हातात टी-टॉवेल दिला.

त्यांनी त्याला जे सांगितलं ते हे. लीन नावाची मुलगी वडिलांबरोबर मालवाहू बोटीवर राहते. बोट कालव्यांतून फिरते. बोटीवर ब्राम नावाचा कुत्रा आहे, त्याला एका कानानं ऐकू येत नाही. एका पहाटे धुक्यात ब्राम पाण्यात पडतो आणि वर येत नाही. वडील तिला सांगतात, ब्राम मेला. लीन ऐकत नाही. रोज संध्याकाळी बोट जिथं थांबेल तिथं काठावर उभी राहून ती त्याच्यासाठी शिट्टी वाजवते. नवं गाव, नवा काठ, तीच शिट्टी. शेवटच्या पानावर फक्त दोन वाक्यं आहेत. आज लीननं शिट्टी वाजवली नाही. तिला भूक लागली होती.

"त्याचं फडकं थांबलं," नेलवहिनी मला म्हणाल्या. "मग तो म्हणाला, मीरा पण? मी म्हटलं, हो. मीरा पण मेली. नंतर तो जेवला. सगळं जेवला, पोळी मागून घेतली." त्या जेवणाचा त्यांना केवढा अभिमान होता! आयुष्यात केलेलं एकमेव बरं काम, असं त्या त्याबद्दल म्हणायच्या. बाकी पुस्तकं, बक्षिसं, हे सगळं त्यांच्या लेखी वरची कोथिंबीर.

त्या गोष्टीचं पुस्तक झालं आणि हॉलंडात घराघरात गेलं. इकडे वॉटफर्डला त्यांची ओळख काय, तर लिमयांची गोरी बायको, छान साडी नेसते. आमच्या मंडळानं त्यांना रांगोळी घालायला बोलावलं, बटाटे सोलायला बोलावलं. लेखिका म्हणून एकदाच बोलावलं, गणपतीत, मुलांच्या कार्यक्रमात. हॉल भरलेला, मुलं जमिनीवर, आया मागे खुर्च्यांवर. वहिनींनी ब्रामची गोष्ट मराठीत सांगितली. मुलं अशी गप्प झाली होती की मागे वड्यांचं तेल उकळताना ऐकू येत होतं. एक मुलगी हुंदके देऊन रडायला लागली. आमचे अध्यक्ष लगबगीनं पुढे आले आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "मुलांनो, घाबरायचं नाही हं! कुत्रा नंतर सापडतो!" नेलवहिनींनी त्यांच्या हातून माइक काढून घेतला. "नाही," म्हणाल्या. "सापडत नाही. ब्राम मेला. ह्या काकांना गोष्ट माहीत नाही."

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. गणपतीसमोर मरणाच्या गोष्टी काय, अशुभ काय बोलते, शेवटी परकी ती परकी. ज्या बाईनं तीस वर्षं ह्यांच्या घरचे वाढदिवस लक्षात ठेवले, आजारपणात डबे पोचवले, ती एका संध्याकाळात परकी झाली. गंमत म्हणजे त्या रडणाऱ्या मुलीनं पुढचे कित्येक रविवार आईच्या मागे लागून लिमयांकडे जायचा हट्ट धरला. तिचे आजोबा नुकतेच वारले होते आणि घरात कुणी तिच्याशी त्याबद्दल बोलत नव्हतं. हे मंडळात कुणाला सांगायची सोय नव्हती. मी सांगून पाहिलं, आणि माझ्याशीही दोघी-तिघींनी अबोला धरला.

एकदा मी त्यांच्याबरोबर हॉलंडला गेले. कालव्याकाठच्या एका छोट्या गावात लीनचा पुतळा आहे. पितळेची मुलगी, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवतेय, आणि शेजारी कुत्र्याची जागा रिकामी. येणारीजाणारी मुलं त्या रिकाम्या जागेवर उभी राहतात. आम्ही बेकरीत शिरलो, तर काउंटरमागच्या माणसानं वहिनींना ओळखलं. टक्कल पडलेला, दांडगा गडी. काउंटरला वळसा घालून आला आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. वहिनी मला म्हणाल्या, "बघ, ह्याचं कुणीतरी मेलं असणार." मग त्याच्याशी डचमध्ये बोलल्या. त्याचा भाऊ होता. मला तेव्हा आमच्या मंडळाचा असा संताप आला की मी तिथल्या तिथे ठरवलं, आता बटाटे सोलायला जायचं नाही.

त्यांची एकच इच्छा उरली होती. पुस्तक इंग्रजीत यावं. स्वतःसाठी नव्हे, नातीसाठी. आनंदला उशिरा झालेली मुलगी, तारा. तिला डच येत नाही, मराठी जेमतेम, आणि आजी काय लिहिते हे तिला आजीच्या तोंडूनच कळायचं. वहिनींनी इंग्रजी भाषांतर स्वतः करून ठेवलं होतं. केंब्रिजच्या एका संपादक मुलीनं त्यांना भेटायला बोलावलं, मी गाडीनं घेऊन गेले. मुलगी गोड होती. पुस्तकाचं तोंडभर कौतुक केलं आणि मग बशीतला स्कोन कुस्करत म्हणाली, इथल्या पालकांना हा शेवट जड जाईल, ब्राम शेवटी सापडू शकेल का? नेलवहिनी म्हणाल्या, "कुणाला?" दोन-तीन ठिकाणी हेच झालं. पुस्तक हवं, मरण नको. नेलवहिनींनी दर वेळी कोट चढवला आणि घरी आल्या. म्हणायच्या, "तारा मोठी होईल तोवर कुणीतरी शहाणा भेटेल."

लिमयेभाऊजी वारले. वहिनींचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या केअर होममध्ये गेल्या. डोकं शाबूत, जीभ तर अधिकच शाबूत. पुस्तकांचे सगळे व्यवहार त्यांनी आनंदच्या हाती दिले. आनंद ब्रॅकनेलला एका आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, कॉन्ट्रॅक्टं कोळून प्यायलेला. आणि ब्रामचं पुस्तक दुसऱ्या कुणाच्या हाती सुरक्षित राहणार? ज्याच्यासाठी ते लिहिलं त्याच्याच. त्यांना तसूभर शंका आली नाही.

आनंद ब्रामचं पुस्तक इंग्रजीत छापून घेऊन आला त्या दुपारी मी तिथंच होते. गुळगुळीत कव्हर, त्यावर हसरा कुत्रा. वहिनींची सवय, कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान वाचायचं. लेखक लबाड आहे का ते तिथं कळतं म्हणायच्या. त्यांनी शेवटचं पान उघडलं. लीन शिट्टी वाजवते, आणि पलीकडच्या गवतातून ब्राम भुंकतो.

त्यांनी ते पान दोनदा वाचलं. मग पुस्तक मिटून म्हणाल्या, "हे कुणी केलं?"

"मी," आनंद त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला. "पब्लिशरनी सजेस्ट केला, पण मी हो म्हटलं. आणि आई, मला त्यांनी फोर्स नाही केला."

"तुला माहीत आहे ही गोष्ट कुणाची आहे."

"येस, आई. माझी. माझीच आहे ना? मग मला एकदा तरी विचारायचं होतं तू." त्याचा आवाज चढला, मग माझ्याकडे बघून खाली आला. "सॉरी, सुनंदामावशी. पण तुम्ही पण ऐका. सगळे म्हणतात, व्हॉट अ ब्रेव्ह मदर. मला हीथ्रोला जायला आवडायचा. आय हॅड समथिंग टु वेट फॉर. काका यायचे, बाबांचे फ्रेंड्स यायचे, प्रत्येक टाइमला मला वाटायचं, आज मीरा येणार. ते माझं होतं. तू ते एका संध्याकाळी काढून घेतलास, भांडी पुसताना. आणि मग त्याचा पुस्तक केलास. प्रत्येक डच माणूस मला भेटला की रडतो. माझी बहीण आहे ती, त्यांचा कुत्रा नाही."

"तू जेवलास त्या दिवशी," नेलवहिनी म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "पोळी मागून घेतलीस."

"मी सहा वर्षांचा होतो, आई. मला वाटलं, नाही जेवलो तर तू पण मरशील."

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण मी बसूनच राहिले. आनंदचा राग आला होता, अजूनही आहे. आईच्या जन्माच्या कामाला ज्यानं मागच्या दारानं जाऊन हात लावला, त्याला मी माफ करणार नाही. हे सगळं बोलायला त्याला पन्नास वर्षं होती. पण तो खोटं बोलत नव्हता, हे त्या खोलीतल्या तिघांनाही दिसत होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. त्यानं वाकून आईच्या पायांवरचं ब्लँकेट नीट केलं आणि तो निघून गेला. जाताना सवयीनं "येतो" म्हणाला.

वॉटफर्डच्या लायब्ररीत पुस्तकाचा समारंभ ठरला होता. शाळेतली मुलं येणार, वहिनींनी चार शब्द बोलायचे. मला वाटलं त्या जाणारच नाहीत. पण आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून इस्त्रीची साडी काढायला लावली. डोळे अगदी कोरडे ठणठणीत होते. "जाणार तर," म्हणाल्या. "मुलं विचारतील. विचारतातच. मी सांगणार, ब्राम मेला, पुस्तकात चुकीचं छापलंय. मुलांशी मी आजवर खोटं बोललेले नाही, सुनंदा. आता मरायच्या वेळेला कशाला बोलू?" मला आतून आनंद झाला. होऊ दे तमाशा, म्हटलं. मंडळाच्या अध्यक्षांसारखाच प्रकाशकांच्या हातूनही माइक काढून घ्या, म्हटलं.

लायब्ररीत मुलं गालिच्यावर बसली होती. तारा पहिल्या रांगेत, आजीच्या चाकाच्या खुर्चीला टेकून. शेवटचं प्रकरण आनंदनं वाचलं. तो चांगला वाचतो हे मला माहीत नव्हतं. लीन काठावर येते, शिट्टी वाजवते, आणि पलीकडून भुंकण्याचा आवाज येतो, तिथं तो थांबला. त्याला पुढचं वाक्य म्हणता येईना. टाय लावलेला, केस पिकलेला माणूस, आणि त्याच्या तोंडावर असा काही आनंद होता की बघवेना. कसंबसं वाचून त्यानं पुस्तक मिटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग मागच्या एका चिमुरडीनं हात वर केला आणि थेट नेलवहिनींना विचारलं, "तो खरंच परत आला का? की नुसतं पुस्तकात?"

नेलवहिनी खुर्चीत ताठ झाल्या. त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं, मग आनंदकडे. तो पुस्तक छातीशी धरून उभा होता आणि आईकडेच बघत होता. पुढे काय येणार ते त्याला माहीत होतं. आईला तो चांगला ओळखत होता.

"येस," नेलवहिनी म्हणाल्या. "ही केम बॅक." आणि मग हसल्या, सगळ्या आज्या हसतात तशा.

मुलांचं समाधान झालं. ज्यूस आणि केक आला. मी त्यांना खुर्चीसकट बाहेर पार्किंगमध्ये घेऊन आले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्या मात्र समोर बघत होत्या. म्हणाल्या, "खोटं बोलल्यावर काहीच होत नाही गं. नुसतं तोंड कोरडं पडतं. मला उगीचच वाटायचं, काहीतरी होत असेल."

आनंद गाडी घेऊन आला. त्यानं आईला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, पदर दारात अडकू नये म्हणून आत घेतला, बेल्ट लावला. बेल्ट लावून झाल्यावर तसाच वाकून राहिला आणि विचारलं, "आई, बरा झाला ना सगळा? तुला आवडला?"

इतक्या वर्षांत ह्या बाईनं कुणाच्या आमटीलासुद्धा बरं म्हटलं नव्हतं. त्यांनी त्याच्या गालावर हात ठेवला. "हो रे बाळा," म्हणाल्या. "फार छान झालं."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सफाईदार होतं.